ठरावाची वही कोणाच्या हाती?

परळी वैजनाथ म्हटले की वैद्यनाथाचे ज्योतिर्लिंग आठवते, औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या आठवतात, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या वाटेला लागणारे ऊसतोड मजूर आठवतात. आदिवासींचा मुलूख म्हणून परळीचे नाव कोणी घेत नाही. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातले अनुसूचित जमातींचे प्रमाण दीड टक्क्याच्याही आत होते. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत मोडणारे एकही गाव या जिल्ह्यात नाही; मराठवाड्यात असे क्षेत्र आहे ते नांदेडच्या किनवट-माहूर भागात.

तरीही हे पुस्तक परळीत तयार झाले. इथल्या काही शिक्षकांनी, वकिलांनी आणि भटक्या-विमुक्तांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी एकत्र बसून हे लेख लिहिले, एकमेकांना वाचून दाखवले, पुन्हा लिहिले. ‘आपल्याकडे आदिवासी आहेतच किती, मग हा उद्योग कशाला?’ असे त्यांना अनेकांनी विचारले. या प्रस्तावनेत मला त्याच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे, कारण ते देता देता विषयाचीही ओळख होते.

परळीच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. त्याला लागणारा कोळसा परळीच्या मातीत नाही. तो वर्धा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतल्या खाणींतून वाघिणींमध्ये भरून येत राहिला. ही खोरी म्हणजे गोंड, कोलाम, परधानांचा जुना मुलूख. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी केंद्र बंद ठेवावे लागले, तेव्हा विजेसाठी पाणी किती लागते हे परळीकरांना नीट कळले. विजेसाठी जमीन आणि जंगल किती लागते, आणि ते कोणाचे असते, हे मात्र आपल्याला कधी कळले नाही, कारण ती किंमत दुसऱ्यांनी मोजली. ज्यांच्या पायाखालचा कोळसा आपल्या घरात उजेड देतो, त्यांना त्या जमिनीबद्दल कोणी काही विचारले होते का, हा प्रश्न परळीने विचारायचा नाही तर कोणी?

दुसरे नाते इतिहासाचे आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, आणि किनवट-आदिलाबादचे गोंडही त्याच संस्थानात. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी आपण दरवर्षी जागवतो. पण त्याच संस्थानात, वनखात्याच्या आणि महसूलखात्याच्या जाचाविरुद्ध कोमराम भीम नावाचा गोंड तरुण जोडेघाटच्या डोंगरात उभा राहिला आणि १९४० मध्ये मारला गेला, हे मराठवाड्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्याच्या उठावानंतर निजाम सरकारला क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला बोलावून गोंडांची गाऱ्हाणी समजून घ्यावी लागली आणि पुढे आदिवासी भागासाठी वेगळे कायदे करावे लागले. भीमचे मागणे सरळ होते: हे जंगल आमचे, त्याचा कारभार आम्ही करू. या मागण्याला आज जगात ‘स्वशासनाचा हक्क’ म्हणतात.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १३ सप्टेंबर २००७ रोजी आदिवासी समूहांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. १४४ देश बाजूने होते, अकरा तटस्थ राहिले. विरोधात होते फक्त चार: अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. मूळ रहिवाशांच्या जमिनीवर उभे राहिलेले हे चार देश. पुढे चौघांनीही भूमिका बदलली. जाहीरनाम्याचे तिसरे कलम आत्मनिर्णयाचा हक्क सांगते, चौथे सांगते की स्वतःच्या अंतर्गत आणि स्थानिक बाबींत या समूहांना स्वायत्तता व स्वशासन असावे. भारताने बाजूने मत दिले, पण स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय मूळनिवासी आहेत, अशी भूमिका घेऊन. या भूमिकेतून एक अडचण निर्माण होते: सगळेच मूळनिवासी म्हटले की कोणाचाच वेगळा हक्क उरत नाही. सुदैवाने आपले संविधान या भूमिकेपेक्षा पुढचे आहे.

संविधान सभेत १९ डिसेंबर १९४६ रोजी जयपाल सिंह मुंडा बोलले. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचा कर्णधार राहिलेला हा छोटानागपूरचा मुंडा त्या सभागृहात म्हणाला, त्याचा आशय असा, की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका. ती तुम्हीच त्यांच्याकडून शिका. त्या सभेतल्या चर्चांमधून पुढे दोन अनुसूची आल्या. सहावी ईशान्येकडच्या डोंगराळ भागांसाठी. तिथे स्वायत्त जिल्हा परिषदा आहेत, आणि त्यांना जमीन, जंगल, रूढी यांविषयी कायदे करता येतात. पाचवी बाकीच्या राज्यांसाठी. तिच्यात राज्यपालांना मोठे अधिकार दिले, आदिवासी सल्लागार परिषद दिली, पण कारभार लोकांच्या हाती दिला नाही. महाराष्ट्र या पाचव्या अनुसूचीत येतो.

ही उणीव भरून काढायला जवळजवळ अर्धे शतक गेले. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला, पण अनुसूचित क्षेत्रे त्यातून वगळली होती. तिथे काय करायचे हे ठरवण्यासाठी दिलीपसिंह भुरिया यांची समिती नेमली गेली. तिच्या अहवालाच्या आधारे २४ डिसेंबर १९९६ चा पंचायत (अनुसूचित क्षेत्र विस्तार) कायदा, म्हणजे पेसा, आला. या कायद्याने कारभाराचा गाभा पंचायतीतून काढून ग्रामसभेत ठेवला. ग्रामसभाही महसुली गावाची नव्हे. जो पाडा, जी वस्ती स्वतःला एक गाव मानते आणि रूढीप्रमाणे आपला कारभार पाहते, तिची. राज्यांनी आपले कायदे वर्षभरात पेसाशी जुळवून घ्यावेत, असे त्यात लिहिले होते. महाराष्ट्राचे पेसा नियम आले २०१४ मध्ये. मधली अठरा वर्षे कुठे गेली, हे या पुस्तकातल्या एका लेखात सविस्तर आले आहे.

तोवर २००६ चा वनहक्क कायदा आला होता. वैयक्तिक शेतजमिनीच्या पट्ट्यांमुळे तो जास्त ओळखला जातो, पण त्याचे खरे बळ सामूहिक वनहक्कात आहे. ज्या जंगलाचा गाव पिढ्यान्‌पिढ्या वापर आणि राखण करत आला, त्याचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क तो ग्रामसभेला देतो.

कागदावरचा हक्क गावात कसा उतरतो, हे पाहायचे तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) या गोंड गावी जावे लागते. शंभराच्या आसपास घरांचे हे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आता महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. देवाजी तोफा हे त्या गावचे नेते. मोहन हिराबाई हिरालाल यांनी अनेक वर्षे त्या गावासोबत राहून काम केले. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ लिहून ते मराठी वाचकांपर्यंत पोचवले. घोषणा सगळ्यांना ठाऊक झाली, तिच्यामागची शिस्त मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही.

त्या शिस्तीचे दोन भाग आहेत. एक, मेंढ्यात बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाही माणसाचा विरोध असला तर विषय पुढच्या सभेवर जातो. वेळ लागतो, पण एकदा झालेला निर्णय मोडायला कोणी उरत नाही. दोन, गावात अभ्यास गट चालतो. कायदा, जंगल, हिशेब, शेती यांवर तिथे चर्चा होते. बाहेरचे जाणकार, अधिकारीही त्यात येऊन बसतात, बोलतात, माहिती देतात. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय फक्त ग्रामसभा घेते, आणि तिथे बाहेरच्याला मत नाही. ज्ञान कोणाकडूनही घ्यावे आणि निर्णय स्वतः करावा, ही विभागणी त्या गावाने करून दाखवली. मोठमोठ्या संस्थांना हे जमलेले नाही.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. प्रश्न सुटला असे वाटले, आणि तिथेच खरी अडवणूक सुरू झाली. गावाने बांबू तोडला, गिऱ्हाईक मिळाले, पण वाहतूक परवाना नव्हता. परवाना म्हणजे एक पावतीपुस्तक. त्यावर माल किती, गाडी कोणती, कुठून कुठे चालली हे लिहायचे आणि शिक्का मारायचा. हा कागद हातात नसेल तर वननाक्यावर ट्रक अडतो आणि आपलाच बांबू चोरीचा ठरतो. वनखात्याचे म्हणणे असे, की १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार बांबू हे झाड आहे. वनहक्क कायदा सांगत होता की बांबू हे गौण वनोपज आहे. शिवाय २००८ च्या नियमांत वनोपज नेण्याची साधने लिहिली होती ती अशी: डोक्यावरचा भारा, सायकल आणि हातगाडी. हक्क दिला होता, पण डोक्यावर मावेल एवढाच. हजारो बांबू सायकलवरून बाजारात कसे न्यायचे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते.

२७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि ते परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर २०१२ मध्ये, केंद्राने नियमच बदलले: वाहतूक योग्य त्या साधनाने करता येईल आणि परवाना ग्रामसभेची समिती देईल. एका गावाने चिकाटी धरली म्हणून देशभरच्या गावांसाठी नियम बदलला. स्वशासनाची मोठी भाषा शेवटी एका पावतीपुस्तकापाशी येऊन ठेपते, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याच्या हातात परवान्याचे पुस्तक, ठरावाची वही आणि बँकेचे खाते, त्याच्या हातात सत्ता. बाकीचे सारे भाषण.

गावाच्या हाती जंगल दिले तर ते चार वर्षांत उजाड होईल, अशी भीती नेहमी घातली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव या भीतीला उत्तर देते. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबूची विक्री हाती घेतली, आणि तेंदूपाने तोडणे बंद करायचे ठरवले. तेंदूच्या हंगामात रोख पैसा मिळतो. पण चांगली पालवी फुटावी म्हणून फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि त्यात जंगलाचे नुकसान होते. फांद्या राहिल्या तर झाडाला टेंभरे लागतात, माणसे खातात, पाखरे खातात. हातचा पैसा सोडून जंगल राखण्याचा हा निर्णय कोणत्या सरकारी आदेशाने झाला नाही. उद्याही हे जंगल आपलेच असणार, ही खात्री मिळाली म्हणून झाला. उलट ज्या काळात जंगलावर फक्त खात्याचा ताबा होता आणि बांबू वर्षानुवर्षांच्या करारांनी कागद गिरण्यांना जात होता, तेव्हा ते राखायची गावाला काय गरज होती?

आणखी एक शंका अधिक गंभीर आहे. स्वशासन म्हणजे जातपंचायतींना मोकळे रान नव्हे का? ही शंका मी हलकी मानत नाही. दंड, वाळीत टाकणे, बाईच्या चारित्र्याची अघोरी परीक्षा हे प्रकार आपल्या भागात घडलेले आहेत, आणि त्यांच्यासाठीच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा केला. पण जातपंचायत आणि ग्रामसभा यांत मोठा फरक आहे. जातपंचायतीत चार पंच बसतात, बाई बाहेर उभी राहते, निवाड्याची नोंद नसते आणि अपीलही नसते. वनहक्काच्या ग्रामसभेला नियमाप्रमाणे निम्मी गणपूर्ती लागते, हजर असणाऱ्यांत एक तृतीयांश बाया लागतात, ठराव लिहावा लागतो, तो सर्वांपुढे वाचावा लागतो आणि त्यावर हरकत घेता येते. परंपरेतले जे माणुसकीला धरून आहे ते टिकावे आणि जे नाही ते मोडावे, हे ठरवण्याची जागाही हीच. संविधान वरती आहेच. त्याच्या छताखाली घर कसे चालवायचे हे घरातल्यांनी ठरवावे, एवढेच मागणे आहे. म्हणून फुटीरतेचा आरोपही टिकत नाही. जी गावे कायद्याचे कलम पाठ करून तहसीलदारापुढे उभी राहतात, ती देशापासून तुटत नसतात, उलट देशाच्या कायद्यावर विश्वास ठेवत असतात.

या विश्वासाला न्यायालयानेही एकदा मोठी साथ दिली. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे तिथल्या ग्रामसभांना विचारा, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी सांगितले. बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. जगातही हेच वारे वाहताना दिसते. नॉर्वेत आल्ता नदीवरच्या धरणाविरुद्ध सामी लोक लढले. धरण झाले, पण त्या लढ्यातून १९८९ मध्ये त्यांचे स्वतःचे प्रतिनिधीगृह उभे राहिले. कॅनडात १ एप्रिल १९९९ रोजी इनुइटबहुल नुनावुत प्रदेश वेगळा झाला.

पण सारे सुरळीत चालले आहे असे समजून कोणी निर्धास्त होऊ नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये वनहक्काचे दावे फेटाळलेल्या लाखो कुटुंबांना जंगलातून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि देशभर आक्रोश उठल्यावर पंधरा दिवसांत त्याला स्थगिती दिली. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ग्रामसभेची संमती तपासण्याची अट केंद्राच्या प्रक्रियेतून काढून राज्यांवर टाकली. ज्या मंजुरीनंतर सगळे पक्केच झालेले असते, तिच्यानंतर गावाला विचारून काय उपयोग? हक्क देणारा कायदा आणि तो पोखरणारे नियम एकाच वेळी चालू आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आता आपल्या बीडकडे येतो. आमच्याकडे अनुसूचित क्षेत्र नाही, पण पारधी आहेत, आणि वैदू, मसणजोगी, गोसावी, नंदीवाले अशा भटक्यांची बिऱ्हाडे आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, तरी पारध्याच्या पालावर पोलिसांची गाडी जाते ती आजही बहुधा तपासाचे निमित्त शोधत. यांना सलग मुलूख नाही, म्हणून पाचव्या अनुसूचीचा नकाशा यांना कधी सापडत नाही. मग त्यांचे स्वशासन कोणत्या जमिनीवर उभे राहणार? आपल्या जिल्ह्यात याचे एक उत्तर शोधले गेले ते गायरानावर. माजलगावजवळच्या तेलगावातून एकनाथ आवाड यांनी दलितांच्या आणि पारध्यांच्या गायरान हक्काचा लढा वर्षानुवर्षे चालवला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची कसवणूक नियमित करण्याचा शासन निर्णय आहे, पण त्यासाठीही शेवटी पुरावा लागतो, पंचनामा लागतो, ग्रामसभेचा ठराव लागतो. पुन्हा तीच वही.

आणि ही वही आपल्या गावांत कोणाच्या हाती आहे? आपल्याकडे साध्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा बीडचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडात असतात. नवराबायको मिळून एक कोयता. दोन मतदार गावाबाहेर. घरकुलाची यादी, रोजगार हमीची कामे, पाण्याची योजना हे सगळे त्यांच्या पाठीमागे ठरते, आणि वहीत ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले जाते. मेंढ्यातला एक माणूस नाही म्हणाला तर विषय थांबतो. इथे निम्मे गाव नसले तरी थांबत नाही. आदिवासींचे स्वशासन हा आपल्यासाठी दूरचा विषय उरत नाही तो इथे. त्यांच्याकडून आपण काय शिकायचे, असे विचारणाऱ्यांना जयपाल सिंहांनी १९४६ मध्येच उत्तर देऊन ठेवले आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात कायदा आहे: अनुसूची, पेसा, वनहक्क, आणि त्यांची राज्यातली वाटचाल. दुसऱ्या भागात गावे आहेत. दाव्याची फाइल कशी बनते, वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून कसा लिहून घ्यायचा, शेजारच्या गावांशी शीव कशी ठरवायची, उपविभागीय आणि जिल्हा समितीपुढे काय अडते, हे तिथे बारकाईने आले आहे. तिसरा भाग बीडचा आहे. तो सर्वांत अपुरा आहे, आणि तो अपुराच असणार, कारण त्यातले काम अजून व्हायचे आहे. घाई असलेल्या वाचकाने पहिला भाग मागे ठेवून दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. कायद्याची भूक लागली की तो आपोआप मागे वळेल.

लेखकांपैकी कोणी या विषयाचा पंडित नाही. पण त्यांनी कलम वाचले आहे, कागद तपासले आहेत आणि न पटलेले वाक्य ठेवलेले नाही. असे पुस्तक वाचून कपाटात ठेवायचे नसते. कोयते पाडव्याच्या सुमारास गावी परततात. त्यानंतरची पहिली ग्रामसभा १ मेची. त्या सभेला बायकांना घेऊन जा, पालावरच्या माणसांना घेऊन जा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे मागच्या सभेचे इतिवृत्त मागा, आणि सह्या करण्याआधी ते मोठ्याने वाचून घ्या.